खडीच्या कामावरचं पाळणाघर

मी जात्याच भित्री. लहानपणी चाळीचा जिना उतरताना मी कठडा सोडत नसे, आणि शिक्षिका झाल्यावर वर्गात एखादं पोर खोकलं तरी मला त्याच्या घरी निरोप धाडावासा वाटे. त्यामुळे हेडमास्तरांनी त्या उन्हाळ्यात मला खोलीत बोलावलं, तेव्हा काय चुकलं, असं मी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं.

आमची शाळा मुंबईतली, यहुदी मुलांची. मी स्वतः बेने इस्राएल, म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहून बोलण्या-नेसण्यात मराठीच झालेल्या यहुद्यांपैकी. शाळेत मी मराठी शिकवत असे आणि आठवड्यातून एक तास धर्मशिक्षणाचा घेत असे. त्या तासाला दानाचा धडा होता. हिब्रूत दानाला त्सदाका म्हणतात, त्या शब्दाचं मूळ दयेत नाही, न्यायात आहे, असं मी फळ्यावर लिही आणि मुलं उतरवून घेत. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येई, आणि सगळ्यांचंच उत्तर बरोबर असे.

"धडा पाठ झालाय," हेडमास्तर म्हणाले. "आता मुलांना तिकडे घेऊन जा."

तिकडे म्हणजे नगर जिल्ह्यात. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि पेपरात रोज खडी फोडणाऱ्या बायकांचे फोटो येत होते. हेडमास्तरांच्या ओळखीचे आमच्याच समाजातले एक सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन नगरला छावणीच्या बाजूला राहात होते. जामखेडकडच्या एका दुष्काळी कामावर ते अन्नवाटपाची देखरेख करत. त्यांनी कळवलं होतं की कामावर येणाऱ्या बायकांची तान्ही पोरं उन्हात पडलेली असतात, त्यांना सांभाळायला माणसं मिळाली तर फार बरं होईल. मोठ्या वर्गांतली नऊ मुलं तयार झाली होती. माझ्याबरोबर ड्रिलचे सर येणार होते. निघायच्या आदल्या दिवशी सरांना कावीळ झाल्याचं कळलं.

"तुम्ही एकट्या न्याल ना?" हेडमास्तरांनी विचारलं.

नाही म्हणायलाही धैर्य लागतं. ते माझ्यापाशी नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

त्या नऊ मुलांत एक मुलगी होती, चौदा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या घट्ट बांधणारी. तिचे वडील आमच्या सिनेगॉगमध्ये हज्जान होते, म्हणजे पुढे उभं राहून प्रार्थना चालवणारे. घरात खाण्यापिण्याचे नियम कडक. मुलगी शाळेतसुद्धा कुणाच्या डब्यातलं खात नसे आणि पाणी स्वतःच्या पेल्यातून पिई. वडील तिला सोडायला आले तेव्हा तिच्या पिशवीत तिची ताटली, वाटी, चमचा, पेला असं सगळं वेगळं बांधून दिलेलं होतं. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "हट्टी आहे. पण तुमचं ऐकेल. तुमच्या भरवशावर पाठवतोय." मग जरा थांबून, "आम्हांला एवढी एकच," असं म्हणून ते खाली बघत राहिले.

एवढंच बोलले. पण गाडीत बसल्यापासून ते वाक्य माझ्या मानेवर बसलं होतं.

नगरला सुभेदार घ्यायला आले. उंच, कानांवर पांढरे केस, मराठी आमच्या घरातली पण हुकूम फौजेतले. त्यांनी आम्हांला एका ट्रकमध्ये बसवलं. नगर मागे पडल्यावर मुलं गाणी म्हणत होती. हळूहळू गाणी थांबली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती, पण त्यांत काही नव्हतं. बांधावरच्या बाभळींची पानं पाल्यासाठी ओरबाडून नेलेली, खुंट तेवढे उभे. एका ठिकाणी ओढ्याच्या कोरड्या पात्रात बायका वाटीने झऱ्याचं पाणी घागरीत भरत होत्या, आणि प्रत्येक वाटीनंतर झरा पुन्हा भरायची वाट बघत थांबत होत्या. मुलांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या वॉटरबॅगवर हात ठेवला. मला तेव्हा वाटलं, इथून परत फिरावं. अजून कुणाला काही झालेलं नाही.

उतरायची सोय गावातल्या प्राथमिक शाळेत होती. एका खोलीत मुलगे, दुसरीत मुली आणि मी. पहिल्या संध्याकाळी सुभेदारांनी बूट झटकून घालायला शिकवलं, विंचवासाठी. मी त्यानंतर सगळे दिवस सगळ्यांचे बूट स्वतः झटकले.

काम गावाबाहेर माळावर होतं. रस्त्यासाठी खडी फोडायची. शे-दीडशे माणसं, निम्म्याहून जास्त बाया, प्रत्येकीपुढे दगडांचा ढीग, हातात हातोडा. सकाळपासून एकसारखी ठकठक चाललेली. टोकाला चार बांबूंवर तरटं टाकून सावली केली होती, तेच आमचं पाळणाघर. आडव्या बांबूला लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या, त्यांत तान्ही पोरं. रांगती खाली पोत्यांवर. टँकर येऊन लोखंडी पिंपं भरून जाई. दुपारी मोठ्या कढईत सुकडी व्हायची, पीठ आणि गुळाची. ती शिजवणारी गावातलीच एक वयस्क बाई होती, आणि आमच्या मुलांनी ती द्रोणात भरून पोराबाळांना वाटायची.

पहिल्या दिवशी मुलांना लेकरू धरताही येत नव्हतं. एका मुलग्याने बाळ उचललं ते फुटबॉल उचलावा तसं, आणि त्याने अंगावर मुतल्यावर तो रडवेला झाला. बायका हातोडा थांबवून हसल्या. पण दोन दिवसांत सगळ्यांना जमायला लागलं. वेण्यांवाली मुलगी सगळ्यात आधी शिकली. ती एका वेळी तीन झोळ्यांना झोके द्यायची, दोन हातांनी दोन आणि तिसरीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून.

मला मात्र एकेक पोर बघून धास्ती वाटायची. हातापायांच्या काड्या आणि पोटं पुढे. माझी बहीण इस्पितळात नर्स होती. निघताना तिने मला बजावून सांगितलं होतं: प्यायचं पाणी उकळ, आणि कुणाला जुलाब झाले तर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि चिमूट मीठ घालून चमच्या-चमच्याने पाजत राहा, थांबू नकोस. ते पाणी मी आमच्या मुलांसाठी रोज करून ठेवत असे.

आम्ही कोण, हा सगळ्यांना प्रश्न होता. कामावरचा मुकादम सावलीत टेकला की विचारायचा.

"तुमी मुसलमान का?"

"नाही," एक मुलगा म्हणाला.

"मग किरिस्ताव?"

"नाही. आम्ही इस्राएल."

"आसं," मुकादम म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "पर नाव-गाव तर आपल्यावानी हाय. बोलनं बी." आणि उठून गेला. बायकांपैकी कुणी विचारलं नाही, पण आमच्याकडे बघताना त्या एकमेकींशी हळू बोलत.

शुक्रवारी सुभेदार धान्य आणायला नगरला गेले. रविवारी परत येतो म्हणाले. त्याच दुपारी झोळीतल्या एका पोराला उलटी झाली. आठेक महिन्यांचा मुलगा, गालावर तीट लावलेला. नंतर जुलाब सुरू झाले. त्याची आई धिप्पाड बाई होती, आवाज मोठा, दिवसभर शेजारणींशी बोलत बोलत खडी फोडणारी. मी तिला बोलावलं. तिने पोराला हुंगून पाहिलं, "दात येत्यात," म्हणाली आणि दिवस मावळला तशी त्याला घेऊन गेली.

शुक्रवारी सूर्य बुडताना आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस लागतो, तो शनिवारी संध्याकाळपर्यंत. मुलींनी शाळेच्या ओसरीवर दोन वाट्यांत तेलाचे दिवे लावले, डोक्यावर ओढण्या घेतल्या, डोळ्यांवर हात ठेवून हिब्रूतली प्रार्थना म्हटली. काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत एकेक घोट सगळ्यांना दिलं. घरी दर शुक्रवारी करतो तेच. ओसरीसमोरून कामावरून परतणाऱ्या बायका चालल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. प्रार्थना संपून आम्ही डोळ्यांवरचे हात काढले तेव्हा त्या समोर होत्या, आणि कुणी हसत नव्हतं.

शनिवारी आम्ही काम करायचं नाही असं आधीच ठरलं होतं. पण ते बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही नुसतं बघून येऊ म्हणून माळावर गेलो, तर झोळ्या भरलेल्याच होत्या. मुलं माझ्याकडे बघायला लागली. वेण्यांवाली मुलगी काही न बोलता झोळ्यांकडे गेली आणि रडणाऱ्या पहिल्या पोराला तिने उचललं.

तीट लावलेलं पोर आता रडत नव्हतं. त्याचे डोळे आत गेले होते, टाळू खाली बसली होती. त्याच्याशिवाय आणखी दोघांना जुलाब लागले होते. त्यांतली एक अगदी लहान मुलगी, दोन-तीन महिन्यांची असेल. तिची आई आपण होऊन काहीच बोलत नसे. पोर ठेवताना तिने फक्त विचारलं, "बरी हुईल न्हवं?" मी हो म्हटलं.

कशाच्या जोरावर हो म्हटलं ते माहीत नाही. पटकीच असणार, असं मनात आलं आणि तो शब्द मी मुलांसमोर उच्चारला नाही. मुलांना पोरांपासून लांब करावं, शाळेत नेऊन बसवावं, येईल ती एस.टी. धरावी. नऊ घरं माझ्या डोळ्यांपुढे यायला लागली. दुसरीकडे ही तीन पोरं. मी मोठ्या मुलांना बाकीच्या पोरांसह सावलीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं, मुलींना हात साबणाने धुवायला लावले, आणि आमचं मीठ-साखरेचं पाणी तिघांना पाजायला घेतलं. वेण्यांवाली माझ्याबरोबर बसली.

"तू जा तिकडे," मी म्हटलं.

"तुम्हांला दोनच हात आहेत, टीचर," ती म्हणाली आणि चमचा उचलला.

ती तीट लावलेल्याला पाजत होती. अर्धं तो ओकून टाकायचा. ती पुसायची, थांबायची, पुन्हा पाजायची. वाटीच्या काठाला, चमच्याला सगळीकडे त्याची लाळ आणि ओक लागत होती. पाणी फेकून दुसरं घ्यावं तर साखर संपत आली होती.

ऊन चढलं आणि ठकठक कमी झाल्यासारखी वाटली. मग पूर्ण थांबली. आवाज थांबला म्हणून मी मान वर केली. बायका आणि काही पुरुष आमच्याकडे येत होते. घाई नव्हती कुणाला. बऱ्याच जणांच्या हातांत हातोडे होते. काम सोडून तसेच उठले म्हणून असतील, पण मला फक्त हातोडे दिसले.

पुढे ती धिप्पाड आई होती.

"काय पाजतायसा माझ्या लेकराला?" तिने विचारलं.

"पाणी आहे. मीठ-साखरेचं. जुलाबावर—"

"जुलाब कवा लागलं? तुमी आल्यावर लागलं. ह्या आदी कुनाच्या पोराला न्हवतं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "काल दिवं लावून, डोळं झाकून कायतरी पुटपुटत हुत्या. म्या पायलं. आन् आज शनवार."

शनवार हा शब्द गर्दीत फिरला. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचे दिवे लावणारी, शनिवार पाळणारी माणसं, ना हिंदू ना मुसलमान. शनिवारी तेल कुणाला वाहतात हे त्यांना माहीत होतं. माझ्याही लक्षात आलं की आमचं आयुष्यभराचं वागणं बाहेरून कसं दिसत असेल. समजावायला गेले तर अजूनच बिघडेल असं वाटत होतं. मुलं सावलीच्या त्या टोकाला उठून उभी राहिली होती. एका मुलग्याच्या कडेवर पोर होतं आणि तो ते खाली ठेवायलाही घाबरत होता. मुकादम "चला, कामाला लागा," म्हणत होता, पण लांबूनच.

"काही करणी-बिरणी नाही," मी म्हटलं. "तो आमचा सण असतो दर आठवड्याला. देवाची प्रार्थना. पाण्यात काही नाही हो."

"काय न्हाई म्हंतीस ना," ती आई म्हणाली, "मग पिऊन दाव."

"दाखवते. थांबा, त्या भांड्यातलं घेऊन—"

"दुसरं न्हाई. ह्येच. वाटीतलं."

मी वाटीकडे पाहिलं. त्या वाटीत काय आहे हे माझ्याइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. बहिणीने इस्पितळातल्या पटकीच्या वॉर्डाचं जे जे सांगितलं होतं ते सगळं आठवलं. हात पुढे करायचा एवढंच मला करायचं होतं.

मी हात उचलायच्या आत वेण्यांवाल्या मुलीने वाटी तोंडाला लावली. ती घाईने प्यायली नाही. आपल्या पेल्यातून प्यावं तशी प्यायली, शेवटपर्यंत. मग वाटी उलटी करून त्या बाईला दाखवली. दुसऱ्याच्या डब्यातली पोळी न खाणारी ती मुलगी.

मी ओरडले असेन असं मला नंतर वाटत राहिलं, पण मुलांनी सांगितलं की मी एक शब्दही काढला नव्हता. मी तिच्या हनुवटीवर ओघळलेलं पाणी पदराने पुसत होते, पुसतच होते, जणू पुसल्याने पोटात गेलेलं बाहेर येणार होतं.

ती धिप्पाड बाई मटकन खाली बसली. पोराच्या तोंडावरून हात फिरवला. मग मुलीला म्हणाली, "पाज मग. थांबलीस का?"

गर्दी लगेच पांगली नाही. पण म्हातारी वळली, मग एकेक करून बाकीची वळली. थोड्या वेळाने कुठेतरी एक हातोडा वाजला.

त्यानंतर मुकादमाला कंठ फुटला. खडीचा ट्रक जामखेडला चालला होता, त्यात त्याने आम्हांला बसवलं. तीन आया, तीन पोरं आणि मी. बाकीच्या मुलांना मी सुकडीवाल्या बाईच्या हवाली केलं. वेण्यांवालीला मात्र मागे ठेवणं मला शक्य नव्हतं. ती माझ्या नजरेआड झाली असती तर मी वेडीच झाले असते. शब्बाथला आम्ही गाडीत बसत नाही. ती आयुष्यात कधी बसली नव्हती. तिने पिशवी आणि भांडं वर दिलं, चाकावर पाय ठेवला आणि चढली.

"जीव वाचवायचा असला तर चालतं," ती मला म्हणाली. बहुतेक मला धीर द्यायला.

रस्ताभर मी पोरांकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते. ती जरा वाकली की मला वाटे, आता हिला मळमळतंय. ती फक्त पोराला पाजायला वाकत होती.

दवाखाना माणसांनी भरला होता. व्हरांड्यात, झाडाखाली, सगळीकडे. डॉक्टरांची झोप झालेली दिसत नव्हती. त्यांनी तिघांना तपासलं, जागा करून सलाईन लावलं. मला विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मी टँकरचं सांगितलं, पिंपांतलं. त्यांनी मान हलवली. आणखी एका कामावरूनही तसेच रोगी आले होते. टँकर भरतो ती विहीरच बिघडली असणार, ते म्हणाले. "मीठ-साखर पाजत राहिलात म्हणून इथवर पोचली पोरं."

मग मी त्यांना वाटीचं सांगितलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "काही दिवस लक्ष ठेवा," ते म्हणाले. "प्रवास करू नका. पोट बिघडलं तर लगेच आणा." त्यांनी काही गोळ्या दिल्या. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रात्र आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यातच काढली, आणि रविवारी सकाळी ती अगदी लहान मुलगी गेली. तीट लावलेला मुलगा आणि तिसरं पोर तरलं. गेलेल्या मुलीच्या आईने बाळाला पदरात गुंडाळलं आणि आम्ही त्याच ट्रकने परत आलो. ती रडली असेल तर मला ऐकू आलं नाही. इंजिनाचा आवाज फार होता.

शाळेत आल्यावर वेण्यांवालीने मला विचारलं, "टीचर, आपल्या पाण्याने तर नाही ना झालं?"

"नाही. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना."

"ऐकलं," ती म्हणाली, पण तिची नजर माझ्या तोंडावरून हलली नाही. मी तिचं कपाळ चाचपलं. गार होतं. त्या दिवशी मी ते किती वेळा चाचपलं असेल त्याला गणती नाही. शेवटी तिने माझा हात धरून बाजूला ठेवला.

सुभेदार आले ते सगळं ऐकूनच आले होते. आरोग्य खात्याची माणसं आली, पिंपांत औषध टाकलं, सगळ्यांना सुया टोचल्या. मुलांना घरी पाठवावं असं सुभेदारांना वाटत होतं, मलाही तेच हवं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलं होतं आणि मुलं विभागून पाठवायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे आम्ही राहिलो, आणि राहिलो म्हणून सोमवारी कामावर गेलो. या वेळी सगळं पाणी उकळलेलं होतं.

बाळ गेलेली बाई सोमवारी कामावर आली होती. न येऊन काय करणार. दुपारी सुट्टी झाली तशी बाकीच्या बायका पोरांना अंगावर पाजायला सावलीत आल्या, आणि तीही त्यांच्याबरोबर चालत आली, सवयीने. मोकळ्या झोळीपाशी पोचल्यावर ती थांबली. तिची चोळी दुधाने भिजली होती. आमची मुलं जागच्या जागी थिजली. इतके दिवस मी त्यांना काय करायचं ते सांगत होते, आणि आता सगळी माझ्याकडे बघत होती.

वेण्यांवाली उठून तिच्याजवळ जाऊन बसली. नुसती बसली. बऱ्याच वेळाने पोत्यावरचं एक पोर रडायला लागलं. त्याची आई तापाने घरी होती, आजीने आणून ठेवलं होतं. बाळ गेलेल्या बाईने त्या पोराकडे पाहिलं, मग हात पुढे केला. मुलीने पोर तिच्या मांडीवर दिलं. तिने पदर ओढून घेतला आणि त्याला पाजायला लागली. पाजताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहात होतं आणि ती एका हाताने पोराच्या पायावरची माशी हाकलत होती.

आमच्या मुलांपैकी त्यावर कुणीही, कधीही माझ्याशी बोललं नाही. मीही तो प्रसंग वर्गात सांगितला नाही.

मुलगी आजारी पडली नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला, ती सुकडी वाटत राहिली, झोके देत राहिली. मी जेवत नव्हते, माझंच पोट दुखायला लागलं होतं. गुरुवारी सुभेदारांनी आम्हांला नगरहून मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. निघताना ती धिप्पाड बाई शाळेपर्यंत आली. तीट लावलेलं पोर तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं होतं. मुलीला म्हणाली, "पुन्यांदा आलीस तर घरला ये. आमचं पानी पी." मुलगी हो म्हणाली.

मुंबईला तिचे वडील उभे होते. मी तयारी करून ठेवलेली वाक्यं विसरले आणि तिथेच, सामानाच्या मध्ये उभी राहून, सगळं सांगून टाकलं. दिवे, गर्दी, वाटी, ट्रक. लपवून मला झोप आली नसती. ते ऐकत होते. मुलगी बाजूला आपली ताटली-वाटीची पिशवी धरून उभी होती.

माझं बोलणं संपल्यावर त्यांनी वळून मुलीला नखशिखांत पाहिलं. मग म्हणाले, "शब्बाथला गाडीत बसली ते ठीक. जीव वाचवायला सगळं मोडता येतं. पण रोग्याच्या वाटीतलं पिणं, स्वतःचा जीव असा पणाला लावणं, त्याला मी परवानगी दिली नसती. धर्माच्या नावाने नाही आणि बापाच्या नावाने तर नाहीच."

मी मान खाली घातली.

"बरं झालं, मी तिथे नव्हतो," ते म्हणाले. "असतो तर तिचा हात धरला असता."

"मीही धरणार होते," मी म्हटलं. "हात उचलला नाही माझा."

त्यांनी मुलीच्या हातून पिशवी घेतली. ती दोघं बस स्टॉपकडे चालायला लागली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मोकळा हात तिच्या मानेमागे ठेवला, लहान मुलाला गर्दीतून नेताना ठेवतात तसा, आणि रस्ता ओलांडेपर्यंत काढला नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर पालकांची सभा झाली. काही जण फार रागावले होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. हेडमास्तर सगळ्यांचं ऐकून घेत होते. शेवटी कुणीतरी विचारलं, पुन्हा कधी अशी सहल काढणार आहात का. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाची कड धरून उठले. पाऊस झाला नाही तर जावं लागेल, असं मी म्हटलं. आणि मग वेण्यांवालीचे वडील, हज्जान, उठून म्हणाले की तसं असेल तर या वेळी एक नर्स बरोबर द्या, आणि एक पुरुष माणूस, आणि उकळायला मोठं पातेलं आम्ही देतो.